वाचकांचे प्रश्न : दस्तऐवजांच्या संकेतस्थळासाठी मार्कडाउनचे साधन कसे निवडावे?

प्रश्न : आमच्या गटाने तयार केलेल्या सॉफ्टवेअरची माहिती आज वर्ड प्रोसेसरच्या फाइलींत आणि जुन्या ईमेलमध्ये विखुरलेली आहे. ती मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणांनी शीर्षके, याद्या वगैरे दाखवण्याच्या लेखनपद्धतीत) आणून तिचे संकेतस्थळ करायचे ठरले आहे. परंतु हुगो, जेकिल, एमकेडॉक्स, एमडीबुक, डॉक्युसॉरस, व्हीटप्रेस, स्टारलाइट, स्फिंक्स अशी नावे वाचूनच आम्ही गोंधळलो आहोत. लिहिणाऱ्यांपैकी निम्मे जण प्रोग्रामर नाहीत. यांतले कोणते साधन घ्यावे?

उत्तर : आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे आणि निवडीची सुरुवात तिथूनच करावी. आपण सांगितलेली सगळी साधने मुळात एकच काम करतात : एका फोल्डरमधल्या मार्कडाउन फाइली घेतात, त्या साच्यात बसवतात आणि कोणत्याही साध्या सर्व्हरवर ठेवता येतील अशी एचटीएमएलची पाने तयार करून देतात. तयार झालेले संकेतस्थळ वाचणाऱ्याला ते कोणत्या साधनाने केले हे सहसा कळतही नाही. फरक पडतो तो लिहिणाऱ्याला आणि, त्याहून अधिक, दोन वर्षांनी ते दुरुस्त करणाऱ्याला. म्हणून थीमचे नमुने पाहण्याआधी आपल्या गटात पायथन, नोड किंवा रस्ट या प्रोग्रामिंगच्या साधनांपैकी कशाची सवय असलेला माणूस पुढेही राहणार आहे, याचा विचार करावा. साधनाची आवृत्ती बदलल्यावर बिल्ड, म्हणजे फाइलींपासून पाने तयार करण्याचे काम, अडले, तर ते सोडवणारा तोच असणार आहे.

मजकूर पुस्तकासारखा असेल, म्हणजे पहिल्या प्रकरणापासून क्रमाने वाचण्याजोगा असेल, तर एमडीबुक पुरेसे आहे. रस्ट भाषेचे अधिकृत पुस्तक त्यातच तयार होते. प्रकरणांचा क्रम एका अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये लिहायचा आणि एकच प्रोग्राम चालवायचा, एवढाच त्याचा पसारा असल्यामुळे बिघडण्यासारखेही थोडेच असते. हुगो 2013 पासून आहे; तोही एकच प्रोग्राम आहे आणि हजारो पाने काही सेकंदांत तयार करण्याइतका वेगवान आहे. मात्र तो सर्वसाधारण संकेतस्थळांसाठी बनवलेला असल्यामुळे दस्तऐवजांची थीम वेगळी शोधावी लागते, आणि त्या थीममध्ये बदल करू पाहणाऱ्याला त्याची साच्यांची भाषा चांगलीच दमवते. जेकिल 2008 चे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या गिटहब पेजेस या सेवेत ते अंगभूत असल्यामुळे फार पसरले, पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते घ्यावे असे कारण मला दिसत नाही.

डॉक्युसॉरस फेसबुकने 2017 मध्ये प्रसिद्ध केले. एकाच दस्तऐवजाच्या अनेक आवृत्त्या आणि अनेक भाषांतील अनुवाद शेजारी शेजारी ठेवण्याची सोय त्यात मुळापासून आहे. ती सोय खरोखरच हवी असेल आणि रिअ‍ॅक्ट ही वेबपाने बांधण्याची प्रोग्रामिंगची पद्धत जाणणारी माणसे गटात असतील, तर त्याला तोड नाही; पण ‘पुढेमागे लागेल’ एवढ्याच कारणासाठी ते घेऊ नये. त्यात प्रत्येक आवृत्तीसाठी सगळ्या फाइलींची वेगळी प्रत ठेवली जाते, त्यामुळे एका चुकीच्या वाक्याची दुरुस्ती चार ठिकाणी करण्याची पाळी येते. स्फिंक्स पायथनच्या दस्तऐवजांसाठी जन्माला आले. त्याची मूळ लेखनपद्धत मार्कडाउन नाही, तरी मिस्ट या जोडणीमुळे मार्कडाउन चालते. कोडमधल्या टिपणांतून संदर्भपाने काढायची असतील किंवा त्याच मजकुराचे नीटनेटके पीडीएफ हवे असेल, तर त्याचा विचार अवश्य करावा.

आपल्यासारख्या मिश्र गटाने आज सुरुवात करायची झाल्यास, लहान मजकुरासाठी एमडीबुक आणि मोठ्या, अनेक विभागांच्या मजकुरासाठी स्टारलाइट असे मी सुचवेन. अ‍ॅस्ट्रो या संकेतस्थळे बांधण्याच्या साधनावर आधारलेल्या स्टारलाइटमध्ये शोधाची सोय तयार मिळते आणि साध्या मार्कडाउन फाइली साध्याच राहतात. प्रोग्रामर नसलेल्यांसाठी मात्र साधनापेक्षाही ‘हे पान सुधारा’ असा दुवा प्रत्येक पानावर असणे मोलाचे ठरते. त्या दुव्यावरून थेट गिटच्या (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) संकेतस्थळावरील संपादनपेटी उघडावी आणि केलेला बदल प्रकाशित होण्याआधी तात्पुरत्या पत्त्यावर पाहता यावा, एवढी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करून घ्या. ती नसेल तर ही माणसे पुन्हा ईमेलनेच दुरुस्त्या पाठवू लागतील.

जुन्या फाइलींचे रूपांतर पॅनडॉक हा प्रोग्राम करून देईल. तक्ते मात्र स्वतः तपासावेत, कारण एकमेकांत जोडलेले रकाने मार्कडाउनच्या तक्त्यात मांडताच येत नाहीत. अंतिम निर्णयाआधी आपल्याकडची तीन सर्वांत अवघड पाने निवडा (मोठा तक्ता असलेले, याद्यांच्या आत याद्या आणि चित्रे असलेले, आणि कोडने भरलेले) आणि तीच पाने दोन साधनांत तयार करून पाहा. वैशिष्ट्यांच्या तुलनातक्त्यांतून जे कळत नाही, ते या तीन पानांतून कळेल.

प्रश्न : मार्कडाउन तर सगळीकडे सारखेच असते. मग साधन आवडले नाही तर नंतर बदलता येईलच. एवढा विचार करण्याची गरज आहे का?

उत्तर : मार्कडाउन सगळीकडे सारखे असते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये ही लेखनपद्धत प्रसिद्ध केली तेव्हा तिचे वर्णन मोकळेढाकळे होते. अपवादात्मक ठिकाणी काय व्हावे हे त्यात सांगितलेले नव्हते. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामने आपापला अर्थ लावला. कॉमनमार्क नावाचे काटेकोर विनिर्देश 2014 मध्ये आले आणि त्यावर आधारलेले गिटहबचे स्वतःचे विनिर्देश 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. आज बहुतेक नवी साधने कॉमनमार्क पाळतात. परंतु आपण रोज वापरतो त्या कितीतरी गोष्टी, अगदी तक्तेसुद्धा, मूळ कॉमनमार्कमध्ये नाहीत.

अडचण कुठे येते याची उदाहरणे पाहू. एमकेडॉक्समागचा पायथन-मार्कडाउन हा प्रोग्राम यादीच्या आतल्या यादीसाठी चार मोकळ्या जागा मागतो, तर कॉमनमार्कमध्ये आतली यादी वरच्या ओळीतील मजकुराच्या रेषेत आली की पुरते. दोन मोकळ्या जागा सोडून लिहिलेले पान गिटहबवर नीट दिसते आणि एमकेडॉक्समध्ये त्याच्या याद्या सपाट होतात. डॉक्युसॉरस आपल्या फाइली मुळात एमडीएक्स (मार्कडाउनमध्ये प्रोग्रामचा कोड मिसळू देणारी लेखनपद्धत) म्हणून वाचते. तिथे महिरपी कंस आणि ‘पेक्षा लहान’ चे चिन्ह यांना कोडचा अर्थ असल्यामुळे, साध्या वाक्यात सहज आलेला एखादा महिरपी कंससुद्धा सगळे बिल्ड थांबवू शकतो. एचटीएमएलच्या पद्धतीने लिहिलेली टिप्पणीही एमडीएक्समध्ये चालत नाही. व्हीटप्रेसला आणि जेकिलला दुहेरी महिरपी कंसांचे वावडे आहे, कारण दोघांच्याही साच्यांची भाषा त्याच खुणेने सुरू होते. जेकिल तर कोडखंडाच्या आतले दुहेरी कंसही सोडत नाही.

सर्वांत जास्त गुंतवणारी गोष्ट म्हणजे सूचनांच्या चौकटी. एमकेडॉक्समध्ये त्या तीन उद्गारचिन्हांनी सुरू होतात, डॉक्युसॉरस आणि व्हीटप्रेसमध्ये तीन अपूर्णविरामांनी, आणि गिटहबवर अवतरणाच्या खुणेत चौकटी कंस टाकून. शंभर पानांत अशा चारशे चौकटी असतील, तर साधन बदलणे म्हणजे केवळ फोल्डर उचलून नेणे राहत नाही. टॅब, घड्या घालता येणारे भाग, एका फाइलमध्ये दुसरी फाइल ओढून आणणे या सोयींचेही असेच आहे. त्या वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. चौकटी तर वाचकाच्या उपयोगाच्याच आहेत. मात्र यांतल्या कोणत्या दोन-तीन सोयी वापरायच्या हे गटाने ठरवून लिहून ठेवावे आणि बाकीचा मजकूर साध्या शीर्षकांत, परिच्छेदांत, याद्यांत व कोडखंडांत राहू द्यावा. दिलेली खूण एकच असेल तर ती शोधून बदलणारी छोटी स्क्रिप्ट कोणीही लिहू शकतो. पाच जणांनी पाच प्रकारे लिहिलेले कोणालाच बदलता येत नाही.

प्रश्न : आमचे दस्तऐवज अनेक वर्षे एमकेडॉक्स आणि त्याची मटेरियल थीम यांवर आहेत. आता त्यांचा विकास थांबला असे ऐकतो. घाईने दुसरीकडे जावे का?

उत्तर : घाई करू नये. एमकेडॉक्स 2014 पासूनचे आहे आणि त्याची 1.6.1 ही आवृत्ती ऑगस्ट 2024 मध्ये आली. मटेरियल थीमच्या कर्त्यांनी 2025 च्या अखेरीस, या थीममध्ये नव्या सोयी येणार नाहीत, फक्त आवश्यक दुरुस्त्या होतील असे सांगितले आणि झेन्सिकल हे आपले नवे साधन जाहीर केले. एमकेडॉक्सची मांडणीची (सेटिंग्जची) फाइल झेन्सिकलला वाचता येते, म्हणून आपल्यासाठी पहिली चाचणी त्याचीच असावी. आपण इतरांनी लिहिलेले किती प्लगइन (जादा सोयी देणारे जोडप्रोग्राम) वापरता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

दरम्यान, तयार झालेली पाने स्थिर फाइली असल्यामुळे साधनाचा विकास थांबल्याने त्यांना काही होत नाही. आपण वापरता त्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती नेमकी नोंदवून ठेवा, म्हणजे आजचे बिल्ड वर्षानेही तसेच होईल. पुढे कुठेही गेलात तरी पानांचे पत्ते बदलू देऊ नका, आणि बदलणे अटळ असेल तर जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे नेण्याची सोय करा. वापरकर्त्यांनी जतन केलेले दुवे, सॉफ्टवेअरच्या त्रुटीसंदेशांत छापलेले दुवे आणि शोधयंत्रांतील नोंदी हे सगळे त्या पत्त्यांवर टेकलेले असते.

प्रश्न : आमच्या पानांची शीर्षके देवनागरीत आहेत. एमकेडॉक्समध्ये त्या शीर्षकांचे दुवे नुसत्या अंकांचे होतात, आणि शोधही नीट चालत नाही. यात आमचे काही चुकते का?

उत्तर : आपले काही चुकत नाही. शीर्षकापासून दुवा तयार करताना पायथन-मार्कडाउन रोमन नसलेली अक्षरे गाळते. देवनागरी शीर्षकातले सगळेच गळते आणि उरते ती अधोरेषा व अनुक्रमांक. दिसायला हा किरकोळ दोष आहे, पण त्याचा परिणाम वाईट होतो : पानाच्या मध्ये एक नवे शीर्षक घातले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि कालपर्यंत बरोबर असलेला दुवा आज मुकाट्याने भलत्याच विभागात नेतो. दुवा तुटला असता तर तपासणीत निदान सापडला तरी असता. यावर दोन उपाय आहेत. मांडणीच्या फाइलमध्ये युनिकोड अक्षरे राखणारी पद्धत निवडता येते. त्याहून पक्का उपाय म्हणजे महत्त्वाच्या शीर्षकांपुढे महिरपी कंसात स्वतः ठरवलेले छोटे रोमन नाव देणे. यामुळे शीर्षकाची भाषा सुधारली तरी दुवा ढळत नाही. डॉक्युसॉरस आणि व्हीटप्रेसमध्येही हे चालते. एमकेडॉक्समध्ये त्यासाठीचे विस्तारक सुरू करावे लागते.

शोधाची गोष्ट अधिक नाजूक आहे. ब्राउझरमध्ये चालणारे अनेक शोध इंग्रजी गृहीत धरून लिहिलेले असतात. लनर या शोधसंचाचा मूळ नियम शब्दाच्या कडेची ‘अक्षर नसलेली’ चिन्हे छाटतो आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह त्याच्या लेखी अक्षर नसते, त्यामुळे अख्खा शब्दच नाहीसा होतो. काही ठिकाणी मूळाक्षरे टिकतात पण काना, मात्रा, वेलांटी यांवर शब्द तुटतो, कारण युनिकोडमध्ये त्यांचा वर्ग अक्षरांपेक्षा वेगळा आहे. या पायऱ्या पार केल्यावर सामान्यरूपाचा प्रश्न उरतो : ‘फाइल’ शोधल्यावर ‘फाइलमध्ये’ सापडेल, पण ‘तक्ता’ शोधणाऱ्याला ‘तक्त्यात’ सापडणार नाही. म्हणून साधन निवडताना अशा दहा-बारा शब्दांची यादी हाताशी ठेवून शोध करून पाहावा, आणि महत्त्वाच्या पानांच्या शीर्षकांत संज्ञेचे मूळ रूप येईल असे पाहावे.

प्रश्न : हे सगळे स्वतः सांभाळण्यापेक्षा ब्राउझरमध्येच लिहिता येणारी तयार सेवा घेतली तर?

उत्तर : गटात तांत्रिक माणूस नसेल तर जरूर घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. गिटबुक हे नाव आपण ऐकले असेल. ते आधी आपल्या संगणकावर चालणारे मुक्त साधन होते. पुढे त्याचा विकास थांबला आणि त्याच नावाची तयार सेवा राहिली. अशी सेवा घेताना करार करण्याआधी, चाचणीच्या काळातच, पाच-सहा पाने लिहून ती मार्कडाउनमध्ये बाहेर काढून पाहावीत : चित्रे सोबत येतात का, आतले दुवे सापेक्ष राहतात का, तक्ते वाचता येतात का, आणि आपल्या गिटच्या भांडारात ती प्रत दररोज आपोआप उतरवता येते का. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी सेवा पाहावी.