वाचकांचे प्रश्न : कांग यात्से-२ ला जाण्यापूर्वी

प्रश्न : अलंग-मदन-कुलंग नेहमी करतो, दम चांगला आहे. ऑगस्टमध्ये लडाखच्या कांग यात्से-२ (६२५० मीटर) शिखरावर जायचं आहे. विमानाने लेहला उतरून तिसऱ्या दिवशी चोगदो गावाहून खिंड ओलांडून थेट शिखराखालचा निमालिंग मुक्काम गाठला तर मारखा खोऱ्यातले दिवस वाचतील. चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. सह्याद्रीने पायांना ताकद दिली, पण विरळ हवेची सवय शरीराला फक्त वेळ देऊनच होते. उलट दम चांगला असलेले भराभर वर जातात आणि तेच आधी आजारी पडतात. महत्त्वाची असते ती रात्री झोपायची उंची. ३००० मीटरच्या वर ती एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. लेह ३५०० मीटरवर, निमालिंग जवळपास ४८०० वर. तुमच्या बेतात ही उडी एकाच रात्रीत पडते.

लेहमध्ये दोन पूर्ण दिवस राहा, पहिल्या दिवशी जिनेही हळू चढा. मग मारखा खोऱ्यातून स्किउ, मारखा, हांकर या गावांनी चढत जा. हांकरहून एका दमात निमालिंगला न जाता थाचुंगत्सेला मुक्काम टाका. निमालिंगला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी चोगदोच्या वाटेवरच्या ‘कोंगमारू-ला’ या खिंडीकडे चढून परत खाली येऊन झोपा.

डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. त्याने घाबरू नका.

डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर त्या दिवशी वर जाऊ नका. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालताना झोक जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी लगेच खाली न्या, कुणाला तरी सोबत देऊन. निमालिंगहून न्यायचं ते हांकरच्या बाजूला. चोगदोचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण त्या वाटेने आधी खिंडीपर्यंत चारेकशे मीटर चढावं लागतं आणि आजारी माणसाला नेमकं तेच घातक ठरतं.

प्रश्न : नेहमीच्या ट्रेकिंग बुटांवर क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) बसतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बसतात, पण टिकत नाहीत. मऊ तळवा वाकतो, पट्टे सैल होतात आणि ऐन उतारावर क्रॅम्पॉन निसटतो. कडक तळव्याचे बूट भाड्याने घ्या आणि दोन जोडी मोज्यांसकट लेहमध्येच घालून बघा. क्रॅम्पॉन बसवून, पट्टा न आवळता बूट उचला. तो खाली पडला तर माप चुकलं आहे. चालताना पाय थोडे फाकवून टाका, नाहीतर पुढचे दाते पँटमध्ये अडकतात. ऊन चढलं की तळाशी बर्फाचे गोळे धरतात, ते आइस अॅक्सने (बर्फावरच्या कुदळीने) ठोकून पाडत राहा. शिखराकडे मध्यरात्रीच्या सुमारास निघतात ते याचसाठी; तेव्हा बर्फ घट्ट असतो.

प्रश्न : पाण्याची नळीवाली पिशवी चालेल का?

उत्तर : शिखराच्या रात्री नको, नळी आधी गोठते. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.