विधेयक ‘मंजूर’ झालं, मग कायदा लागू झाला का?

विधानसभेने विधेयक मंजूर केल्याची बातमी वाचून तुम्ही विचारलंय की त्यातल्या तरतुदी आता लागू धरायच्या का. नाही धरायच्या. मंत्रिमंडळ, विधानसभा, विधान परिषद या तिन्ही ठिकाणी बातमीत ‘मंजूर’ हाच शब्द येतो आणि तिन्ही वेळा कायदा झालेला नसतो. पुढचं सगळं महाराष्ट्राबद्दल आहे. परिषद देशात सहाच राज्यांत आहे, बाकीकडे तो टप्पाच नाही.

मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे विधेयक आणायचं ठरलं, एवढंच. मसुदा संबंधित विभाग आणि विधी व न्याय विभाग तयार करतात. विधेयक सभागृहात पुरःस्थापित झालं, म्हणजे रीतसर मांडलं गेलं, की त्याची प्रत मिळवा आणि शेवटाकडून वाचा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ तिथे असतं. त्याच्याजवळच नियम करण्याचे अधिकार कोणत्या खंडांनी (विधेयकातल्या कलमांना खंड म्हणतात) सरकारला दिलेत, हे सांगणारं ज्ञापन, म्हणजे टिपण असतं. हे पान कुणी वाचत नाही, आणि खरी मेख बहुतेकदा तिथेच असते.

मग विधेयक विचारात घेतलं जातं, खंडवार सुधारणांवर मतं घेतली जातात आणि शेवटी ते संमत होतं. मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितली नाही तर सगळं आवाजी मतदानावर उरकतं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी तर खंडांचे क्रमांक वाचून होईपर्यंत विधेयक पार झालेलं असतं. मजकूर बदलून हवा असेल तर सभागृहातल्या भाषणांवर विसंबू नका, विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे जावं यासाठी आमदारांच्या मागे लागा. विशेष जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेलं तेव्हा साडेबारा हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या आणि काही शब्दरचना बदललीही.

त्याच विधेयकाचा आणखी एक धडा आहे. जुलै २०२४ मध्ये ते मांडलं गेलं, पण त्या विधानसभेची मुदत संपली म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा मांडावं लागलं. विधानसभेने ते १० जुलै २०२५ रोजी आणि परिषदेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केलं. अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही, विधानसभा विसर्जित झाली की मरतं. विधानसभेने मंजूर करून परिषदेत पडून राहिलेलं विधेयकही त्यात जातं.

परिषदेची ताकद लोकांना वाटते त्याहून कमी आहे. साधं विधेयक ती पहिल्या खेपेला तीन महिने अडवू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवलं तर आणखी एक महिना, की संपलं. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. धन विधेयकावर (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं विधेयक) तर परिषद १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते.

खरा खोळंबा राज्यपालांकडे होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल संमती देतात, संमती रोखतात, किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. धन विधेयक नसेल तर ते फेरविचारासाठी परत पाठवता येतं, आणि विधानमंडळाने ते पुन्हा मंजूर केलं तर मग संमती रोखता येत नाही. किती दिवसांत निर्णय घ्यायचा याचा आकडा मात्र राज्यघटनेत नाही, आणि न्यायालयांनीही तो घालून देऊ नये, असं मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलं. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर ती टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं होतं, ते याच वाटेवर अडकलं.

संमतीनंतर अधिनियम राजपत्रात येतो आणि विधेयकातले ‘खंड’ त्यात ‘कलमं’ होतात. तरीही थांबा. कलम १ उघडा. ‘शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल’ असं लिहिलं असेल, तर ती वेगळी अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच. आधी अध्यादेश (अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा) काढलेला असेल तर चित्र उलटं असतं: तरतुदी बहुधा आधीच लागू असतात, फक्त अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्यांच्या जागी कायदा आणावा लागतो.

तुमच्या कामाच्या कलमात ‘विहित’, म्हणजे नियमांनी ठरवलेलं, हा शब्दही शोधा. ‘विहित नमुन्यात अर्ज’, ‘विहित फी’ असं असेल तर नियम प्रसिद्ध होईपर्यंत अर्जाचा नमुनाच ठरलेला नसतो, आणि कार्यालयातून तुम्हाला हात हलवत परत यावं लागतं.