सुमोटो, सुओ मोटो की सुओ मोटू?

प्रश्न असा आहे: 'न्यायालयाने सुमोटो दखल घेतली' असं बातम्यांत नेहमी वाचतो, कायद्याच्या पुस्तकात मात्र शेवटी उकार दिसतो, बरोबर काय? शिवाय विचारणाऱ्याने हळूच पुढे जोडलंय, की हौसेने लॅटिन शिकायला घेतलंय, पण विभक्तिप्रत्यय काही केल्या डोक्यात राहत नाहीत.

दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं, म्हणून एकत्रच लिहितो.

मूळ लॅटिन रूप 'सुओ मोतू'. इंग्रजी वळणाने 'मोटू' (म्हणताना मलाही हसू येतं). माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या इंग्रजी पाठात, कलम ४(२) मध्ये, हेच उकारान्त रूप आहे. 'सुउस' म्हणजे स्वतःचा. आपल्या 'स्व'चा हा सख्खा भाऊ. 'मोतुस' म्हणजे हालचाल, प्रेरणा. दोन्ही शब्द एकवचनी, अब्लेटिव्ह विभक्तीत. संस्कृतातली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी लॅटिनमध्ये या एका विभक्तीत गोळा झाली आहे. इथे अर्थ तृतीयेचा: स्वतःच्या प्रेरणेने.

मग विभक्ती एकच असताना एकाला ओ आणि दुसऱ्याला ऊ का? शाळेत शब्द चालवलेत ना, तेच आठवा. देव शब्दाची तृतीया देवेन, पण हेतु शब्दाची हेतुना. 'स्वेन हेतुना' म्हणताना आपण यमक जुळवायला 'हेतेन' करत नाही. 'सुउस' अकारान्त देवाच्या घरातला, लॅटिन व्याकरणाच्या भाषेत दुसऱ्या गणातला. 'मोतुस' उकारान्त हेतूच्या घरातला, म्हणजे चौथ्या गणातला. 'सुओ मोटो' म्हणणारा 'स्वेन हेतेन' म्हणतो आहे. अगदी समजण्यासारखी चूक आहे. मीही कित्येक वर्षं तसंच लिहीत होतो.

घोटाळ्याचं खरं कारण प्रथमेत आहे. संस्कृतात देवः आणि हेतुः पाहताक्षणी वेगळे कळतात. जुन्या लॅटिनमध्येही दुसऱ्या गणाची प्रथमा '-ओस' होती, चौथ्याची '-उस'. पुढे त्या '-ओस'चं '-उस' झालं आणि दोन्ही घरांच्या दारावर एकच पाटी लागली. 'दोमिनुस' (धनी) आणि 'मोतुस' नुसते पाहून गण सांगता येत नाही. म्हणून लॅटिन कोशात नामापुढे षष्ठी दिलेली असते: दोमिनुस, दोमिनी, मोतुस, मोतूस. ती सजावट नाही. त्या नामाची किल्ली तिथे ठेवलेली असते.

मराठीत आपण हे रोज करतो, फक्त लक्षात येत नाही. घोडा आणि मामा दोन्ही आकारान्त पुल्लिंगी, पण घोड्याला आणि मामाला. परभाषक शिकताना 'माम्याला' म्हणतो आणि घरात हशा पिकतो. 'राजाला'च्या जागी 'राज्याला' म्हटलं तर अर्थच बदलतो. आपल्याला कुणी नियम शिकवला नव्हता. शब्द कानावर पडला तो सामान्यरूपासकटच.

तेव्हा उपाय हाच: पाच गणांचे तक्ते भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक नाम जोडीनेच पाठ करा, प्रथमा आणि षष्ठी. तिसऱ्या गणात तर दुसरा इलाजच नाही. रेक्स, रेगिस (राजा). पेस, पेदिस (पाय). पेसमधला 'द' प्रथमेत गडप असतो, षष्ठीत उगवतो, आणि मग ओळख पटते: हा तर आपला पद्! आपलंही तसंच आहे, पाऊस म्हटल्यावर 'पावसा-' माहीत नसेल तर पुढे 'पाऊसात' भिजावं लागतं.

आणखी एक. वही देवनागरीत ठेवा. 'मोतुस' प्रथमा, 'मोतूस' षष्ठी. रोमन लिपीत हा फरक स्वरावरच्या आडव्या रेघेने दाखवतात आणि बऱ्याच पुस्तकांत ती रेघ नसतेच. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाने एरवी जीव नकोसा केलेला असतो, इथे तो उपयोगी पडतो. ए-ओच्या बाबतीत मात्र ही सोय नाही, तिथे खूण करावी लागेल.

सरावाला उदाहरणं आसपासच आहेत. कॉलेजच्या ऑफिसात मिळणारं 'बोनाफाईड' घ्या. बोना फिदे, पुन्हा अब्लेटिव्ह: सद्भावनेने. विशेषण पहिल्या गणातलं, नाम पाचव्या. आणि ज्या बसने आपण ते आणायला जातो, ती 'ओम्निबुस'ची, म्हणजे 'सर्वांसाठी'ची, शेपटी आहे. त्यातला '-बुस' म्हणजे चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय, संस्कृतातल्या '-भ्यः'चा नातेवाईक. नुसत्या प्रत्ययात बसून प्रवास करणारे आपण!

आता मूळ प्रश्न. वकिली कागदात लॅटिनच लिहायचं असेल तर 'सुओ मोटू' लिहा. 'सुमोटो' बोलण्यात रुळला आहे, त्यावर मी दंड आकारणार नाही. बातमीत मात्र 'स्वतःहून दखल' इतकं पुरतं. 'स्वतः'मधला 'तः' मुळात पंचमीच्याच अर्थाचा. परवा एका मथळ्यात 'न्यायालयाकडून स्वतःहून सुमोटो दखल' असं वाचलं. हा पिवळा पीतांबर तेवढा टाळा.