फेझंट सोडायचा परवाना: वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये शिकारीसाठी फेझंट (कोंबडीच्या कुळातला पक्षी) वाढवून रानात सोडतात. बंदुकीचा परवाना वेगळा, पक्षी सोडण्याचा वेगळा. या एकाच गोंधळावर ब्रिटनमधल्या मराठी वाचकांची इतकी पत्रे आली आहेत की उत्तरे एकत्रच देते.

प्रश्न : इंग्लंडमध्ये शेत घेतले आहे. शेजारी म्हणतात, सर्वसाधारण परवाना आहे, अर्ज करावा लागत नाही, खुशाल सोडा.

अर्ज नाही, पण अटी आहेत. 2021 पासून युरोपीय दर्जाच्या संरक्षित स्थळांत आणि त्यांच्याभोवती 500 मीटरपर्यंत फेझंट व लाल पायांचे तितर सोडायला परवाना लागतो. 2023 मध्ये बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांसाठी खास राखलेली स्थळे सर्वसाधारण परवान्यातून वगळली गेली; तिथे स्वतंत्र अर्ज करावा लागला. शेजाऱ्यांना नियम पाठ असतील, पण तुमच्या जमिनीची हद्द त्यांनी मोजलेली नाही. नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेला नकाशा दाखवून विचारा.

प्रश्न : वेल्समध्ये परवाना सक्तीचा झाला ना?

2023 मध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्स या तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेने त्यावर जाहीर मते मागवली होती. मते मागवली म्हणजे कायदा झाला असे नव्हे. आज काय लागू आहे, ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : शिकारीचा हंगाम कोणता?

इंग्लंड-वेल्समध्ये फेझंटसाठी 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी.

प्रश्न : पक्षी शेवटी रानातच जाणार. मग बर्ड फ्लूची एवढी ओरड का?

रानात जाणार म्हणूनच! ब्रिटनमध्ये वर्षाला 3 कोटींहून अधिक फेझंट सोडले जातात, असा अंदाज आहे. कुंपणात आहेत तोवर ते पाळीव. त्यांच्यावर मालकाची नजर असते, डॉक्टर येतात. उन्हाळ्यात बाहेर पडले की कायद्याच्या दृष्टीने ते रानपक्षी होतात. त्यानंतर कुठला पक्षी कुणाचा, किती मेले, कुठे मेले, काही कळत नाही. दाण्याच्या एकाच भांड्यावर फेझंटही येतात आणि रानपाखरेही. 2006 मध्ये महाराष्ट्रात नवापूरला हाच रोग कोंबड्यांत शिरला, तेव्हा निदान शेड मोजता येत होत्या. रानात काय मोजणार? कोण, कुठे, किती पक्षी सोडतो याची नोंद हवी, एवढ्यासाठी मी परवान्याच्या बाजूने आहे. बंदुकीशी माझे भांडण नाही. रोग आढळला की भोवतीच्या 3 आणि 10 किलोमीटरच्या पट्ट्यांत पक्षी सोडता येत नाहीत. एका वाचकाने लिहिले आहे, ‘चार दिवस थांबून पाहिले.’ थांबायचे नाही! संशय आला की त्याच दिवशी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. आधी सरकारी पशुआरोग्य संस्थेला (APHA) फोन, मग बाकीचे.

प्रश्न : एक विक्रेता ‘परवान्यासकट’ पिल्ले देतो, तीही स्वस्तात. घ्यावीत का?

नाही. परवाना पिल्लांच्या खोक्याबरोबर येत नसतो. पिल्ले कुठून आली, कुणी तपासली, याचे कागद मागा. फ्रान्समधून आलेली असतील तर आयातीचे कागदही पाहा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा. इंग्लंड-वेल्समध्ये 2024 च्या ऑक्टोबरपासून एक पक्षी पाळला तरी, काही थोडे अपवाद वगळता, नोंदणी लागते. तीही विक्रेता तुमच्या वतीने करून ठेवत नाही.

प्रश्न (सातारा) : शेतावर तितर-लावे वाढवून सोडायचे, पर्यटकांना शिकार करू द्यायची. परवाना कुठे मिळेल?

कुठेच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे अशी शिकार गुन्हा आहे. लावे केवळ पाळायचे असतील, तरी पिल्ले आणण्याआधी वनविभाग आणि पशुसंवर्धन विभाग, दोन्हीकडे लेखी विचारा.