‘दत्तक’ हा शब्द घालू की नको?

मुलीच्या शोकसभेला दहा दिवस उरले होते आणि माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या त्या बाईंच्या भाषणाच्या कागदावर दोनच शब्द होते: ‘आमची मुलगी’. मधे ‘दत्तक’ लिहून खोडलेलं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेलं. कागद तिथे फाटायला आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलीला जाऊन पाच आठवडे झाले होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तिने अनेक वर्षं काम केलं होतं.

“मॅडम, शब्द घातला तर लोक म्हणतील, शेवटपर्यंत परकीच. नाही घातला तर लपवल्यासारखं.” मग हळूच, “एक नातेवाईक म्हणाल्या, पोटची असती तर तुम्हाला उठवलंच नसतं. मी तर रोज उठते. माझं दुःख कमी आहे का हो?”

खरा प्रश्न हा होता. दत्तक पालकांकडून तो वेगवेगळ्या शब्दांत येतो. समाज ज्याला पुरती मान्यता देत नाही अशा शोकाबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच लिहिलंय. माणूस आपलं गेलेलं असतं, पण रडायचा हक्क आधी सिद्ध करा, असं भोवतालचे सुचवत राहतात. रोज उठण्याचं म्हणाल, तर शोकात मन ये-जा करतं. कधी आठवणीत बुडतं, कधी बिलं भरतं. दोन्ही शोकच.

भाषणासाठी मात्र मी चुकीचं सुचवलं: तिच्या कामाची यादी करा. त्यांनी दोन पानं भरून आणली, सपाट आवाजात वाचली आणि मधेच थांबल्या. “हे तर तिचे सहकारीही सांगतील.” बरोबरच होतं. कौतुक करणारे सगळे मिळून तिला आईपासून लांब नेत होते, त्यात मीही.

यादी बाजूला ठेवली. घरात कशी होती ती?

आली तेव्हा सव्वातीन वर्षांची. बाबा कामाला निघाले की दाराशी बसून राहायची. ‘येतो हं’ यावर तिचा भरवसाच नव्हता. मग बाबांनी दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या उंचीवर, खडूने घड्याळ काढलं. काटे सहावर. सहा म्हणजे सहा; एकदा तर ते धावत, धापा टाकत पोचले होते.

“आणि तिच्या डायरीत,” बाई म्हणाल्या, “‘पुन्हा भेटणे’ असं कुठेच नाही. ‘मंगळवार, चार’ असं असायचं. नव्या मुलांना दम द्यायची, म्हाताऱ्या माणसाला नुसतं ‘येईन’ म्हणायचं नाही, वार आणि वेळ सांगायची…”

इथे त्या थबकल्या. ती डायरी आणि ते खडूचं घड्याळ त्यांनी आजवर शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. मग खूप रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही. कधीकधी तो ‘आता पुरे’ असा ऐकू येतो.

माझं मत विचाराल तर ‘दत्तक’ हे मुलीच्या आधी लावायचं विशेषण नव्हे, तिच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे. तशीच सांगावी. आणि ती स्वतः कसं सांगायची, हे आधी आठवावं. ही मुलगी उघडपणे सांगायची.

शोकसभेत बाई चारच मिनिटं बोलल्या. ‘आमची मुलगी सव्वातीन वर्षांची असताना घरी आली आणि कित्येक महिने दाराशी बसून होती,’ इथून सुरुवात. तो शब्द आला नाही, कुणाला कळायचंही राहिलं नाही. नंतर एक आजोबा काठी टेकत जवळ आले. म्हणाले, “माझा मंगळवार होता.”

आमचं सत्र मंगळवारी दुपारी असायचं. बाईंनी ते बुधवारी करून घेतलं.