झाडावर रोज संध्याकाळी पक्षी मुक्कामाला येतात, त्यांना त्रास न देता छाटणी कशी करावी?

आधी दोन-तीन संध्याकाळी झाडाखाली नुसतं उभं राहा. पक्षी नेमक्या कोणत्या फांद्यांवर बसतात ते कळतं. दिवसा बघायचं तर खालच्या पानांवर पडलेली पांढरी शीट शोधा, बरोबर तिच्या वरच मुक्काम असतो.

पक्षी सकाळी उडून गेल्यावर काम सुरू करा आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी आवरा, कारण थवे अंधार पडण्याआधीच जमायला लागतात. अख्खं झाड एकदम बोडकं करू नका. यंदा एक बाजू, पुढच्या वेळी दुसरी. मधला दाट भाग राहू द्या, वाऱ्यापासून आडोसा तोच देतो. शक्यतो हातकरवत वापरा.

मुक्काम आणि घरटं यांत मात्र गल्लत नको. घरट्यात अंडी किंवा पिल्लं दिसली तर छाटणी पुढे ढकला. बहुतेक लहान पक्ष्यांची पिल्लं अंडी घातल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात उडून जातात.

आणि हो, ढोली असेल तर आत डोकावून बघा. घुबडं, वटवाघळं दिवसाच झोपतात, तिथे वरचं वेळापत्रक उलटं पडतं. ती फांदी मी तरी सोडूनच देतो.