‘ताई, पुढे बाप होईल ना हा?’

कोथरूडचं कुटुंब. मुलगा 12 वर्षांचा, सातवीत. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यासाठी, मिथिलफेनिडेट ही गोळी चालू, सकाळी 10 आणि दुपारी 10 मिलिग्रॅम. या औषधाने माकडांची वृषणं वाढली नाहीत, असं एका व्हिडिओत ऐकून आजींनी धसका घेतला आणि आईबाबांनी गोळी परस्पर बंद केली. तीन आठवड्यांत शाळेच्या डायरीत रोज शेरे यायला लागले, तेव्हा सगळे समुपदेशनाला आले. आजींनी पहिलाच प्रश्न विचारला तो वर दिलेला.

तो प्रयोग खरा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 30 रीसस नर माकडं होती. त्यांपैकी 20 जणांना वयात येण्याआधीपासून 40 महिने औषध दिलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी राहिलं, वृषणांची वाढ मागे पडली. जास्त डोसवाल्यांची वृषणं खाली उतरायलाही उशीर झाला. औषधाची रक्तातली पातळी माणसांत असते त्याच्या जवळपासची होती, म्हणून ‘डोसच अफाट होता’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पण अभ्यास संपेपर्यंत हा फरक भरून निघाला होता. तैवानमध्ये आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही औषध घेणाऱ्या मुलांत वृषणांचे आजार लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत.

आजींना सर्वांत पटली ती बालरोगतज्ज्ञांकडची मण्यांची माळ. 1 ते 25 मिलिलिटरचे अंडाकृती मणी. हाताने चाचपून वृषण कोणत्या मण्याएवढं आहे ते बघतात. 4 चा मणी जुळला की मुलगा वयात येऊ लागला. हे 9 ते 14 दरम्यान कधीही होतं. याचा 3 चा जुळला, म्हणजे काळजीचं काही नाही. चौदावं उलटूनही 4 गाठला नाही, तर मात्र हार्मोनतज्ज्ञांना दाखवायचं.

खरी अडचण वजनात निघाली. आठ महिन्यांत 34 वरून 32 किलो. डबा रोज अर्धा परत, पोळीचा रोल तसाच. गोळीने दुपारची भूक मरते, आणि अंगावर मांस नसेल तर वयात येणंही लांबतं. म्हणून गोळी नाश्त्यानंतर. नाश्त्याला थालीपीठ-लोणी, अंडं, दूध. संध्याकाळी सातनंतर भूक परत येते, तेव्हा पोटभर जेवण आणि झोपण्याआधी आणखी काहीतरी. वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी वहीत लिहायची. वजन घसरतच राहिलं, तर डोस बदलायचा की मध्ये खंड द्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी पुन्हा सुरू करतानाही आधी त्यांनाच विचारायचं.

एक गोष्ट मुलाला बाबांसमोर, आजींना बाहेर बसवून सांगितली, कारण लाजेपायी मुलं नेमकी हीच लपवतात. या औषधाने क्वचित लिंग ताठर होऊन तसंच राहतं, दुखतं. चार तास उलटले तर थेट इमर्जन्सीत जायचं. रक्त अडकून राहिलं तर आतल्या पेशी कायमच्या खराब होतात.

मुलगा बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. मग म्हणाला, ‘‘शाळेत झालं तर?’’

‘‘बाईंना म्हणायचं, खूप दुखतंय, बाबांना फोन लावा. काय दुखतंय ते सांगायची गरज नाही.’’

बाबांनी तिथेच ऑफिसचा नंबर डायरीत पहिल्या पानावर लिहिला.